सेशेल्सला जाणाऱ्याचा अर्ज

"रेशनकार्डावरून नाव कमी करायचंय."

"कुणाचं?" मी मान वर न करता विचारलं. आमच्या रेशनिंग ऑफिसात नाव कमी करायला लोक दोनच कारणांनी येतात. घरातलं कुणी गेलेलं असतं, नाहीतर मुलीचं लग्न झालेलं असतं.

"माझंच."

आता मात्र मी वर पाहिलं. खिडकीच्या जाळीपलीकडे एक उंच, सावळा मुलगा उभा होता. जिवंत होता, आणि... बरा होता. चांगलाच बरा होता.

"कुठे चाललात?"

"सेशेल्सला. बेट आहे. तिथे मासे साठवायच्या कारखान्यात बर्फाची मशिनं सांभाळायची. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट."

"बेट... म्हणजे चारी बाजूंनी पाणीच पाणी?"

"बेटाला सहसा तसंच असतं," तो म्हणाला आणि गालातल्या गालात हसला.

चौऱ्याऐंशी सालचा मे महिना होता, पंखा नुसता कुरकुरत होता, समोर ही एवढी रांग. मला राग यायला हवा होता; आला नाही. अर्जावर नाव होतं लवू सीताराम घाडी, राहणार जोगेश्वरी. कार्डावर तीनच नावं, बाप आणि दोन मुलगे. मी म्हटलं, "कंपनीचं पत्र जोडलेलं नाही. सोमवारी या."

सोमवारी त्याने पत्र आणलं, पण कार्डाची नक्कल विसरला. गुरुवारी नक्कल आणली, तर सातवा रकाना कोरा. शेजारच्या टेबलावरच्या जयंतीबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "शुभा, हा अर्ज आहे की महाभारत?"

खरं सांगते, सगळ्या त्रुटी मी पहिल्याच दिवशी सांगू शकले असते. पण मग तो एकदाच आला असता.

"तिथे पाऊस पडतो?" चौथ्या खेपेला मी विचारलं.

"भरपूर. नारळही आहेत. आमच्या कोकणासारखंच, फक्त ओळखीचं कुणी नाही."

"मग जायचं कशाला एवढ्या लांब?"

"गिरणी सुटल्यापासून दादा, म्हणजे वडील, घरी बसून आहेत. धाकट्याचं शिक्षण व्हायचंय." त्याने जाळीत बोट अडकवलं. "भीती वाटते ना. एकट्याने जायची वाटते. कुणी बरोबर असतं तर—"

"ओ दादा, आटपा," मागचे आजोबा ओरडले, "तिकडे घासलेट संपेल."

वाक्य अर्धंच राहिलं. ते पुरं कसं होणार होतं, याचा विचार करण्यात माझे पुढचे चार दिवस गेले. हे चार दिवस मी रजेवर होते, मावसबहिणीच्या, नीलाच्या लग्नाला.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी तो आला. अर्ज पुढे सरकवला. सगळे रकाने भरलेले, नक्कल, पत्र, सही, कुठेही बोट ठेवायला जागा नाही. माझ्याकडे त्याने धड पाहिलंही नाही. मी शिक्का मारला.

"अभिनंदन तुमचं," तो हळूच म्हणाला. "माझं अठरा जूनचं विमान आहे."

कसलं अभिनंदन, हे विचारेपर्यंत तो जिना उतरून गेला. मला ते इतकं लागलं की त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

दोन दिवस माझं सुतकी तोंड बघून जयंतीबाईंनीच विषय काढला. "हातभर हिरव्या बांगड्या घालून खिडकीत बसलीस, तो दुसरं काय समजणार?"

"पण चुडा भरताना नवरीच्या बहिणींनाही भरतात. हे कुणालाही माहीत असतं."

"ज्याच्या घरात बाईमाणूस असतं, त्याला."

कार्डावरची ती तीन नावं माझ्या डोळ्यांसमोर आली. आणि अर्जावर पत्ता होताच की.

शनिवारी अर्धा दिवस भरून मी जोगेश्वरीला त्याची चाळ शोधत गेले. दारात त्याचे वडील होते. "कोण गे बाय तू?"

"रेशनिंग ऑफिसमधून आले."

बिचारे घाबरलेच. "काय चुकलां आमचां?"

आत लवू ट्रंक भरत होता. मला बघून त्याच्या हातातला शर्ट खाली पडला.

"अर्जात त्रुटी आहे," मी म्हटलं.

"आता कसली? सगळं भरलं होतं."

"चौकशी न करता निष्कर्ष काढलाय." मी बांगड्यांचा हात पुढे केला. "लग्न माझ्या मावसबहिणीचं होतं. मी करवली होते नुसती."

तो ट्रंकेवरच बसला. "म्हणजे तुझं..."

"माझं काहीही ठरलेलं नाही."

त्याने इतका मोठा श्वास सोडला की मला हसूच आलं. "वाट लागली होती यार माझी," तो म्हणाला. "तो सातवा रकाना मी मुद्दाम कोरा ठेवला होता, शुभा. नक्कलसुद्धा खिशातच होती."

"कंपनीच्या पत्राशिवायही चाललं असतं," मी कबूल केलं.

बाहेरून आवाज आला, "मी च्याय ठेवतंय."

"सहा महिन्यांनी बायकोला नेता येतं," लवू माझ्याकडे न बघता बोलत होता. "क्वार्टर देतात. लग्न करशील माझ्याशी? तोपर्यंत... थांबशील?"

"मी सरकारी नोकरीत आहे रे. मला लोकांना थांबवायची सवय आहे, थांबायची नाही."

त्याचा चेहरा इतका उतरला की मला पुढे ताणवेना. "थांबेन. मला तू आवडतोस. पण उद्या पार्ल्याला ये आणि बाबांना भेट. ते नाही म्हणाले तर..."

तो आला, इस्त्रीचा शर्ट घालून. मी आईबरोबर स्वयंपाकघरात होते, कान बाहेर. बाबांना घाडी हे आडनाव, गिरणी, बेट, सगळं एकाच बैठकीत पचवायचं होतं. मग कपाटातून माझा शाळेतला नकाशांचा जुना संग्रह काढल्याचा आवाज आला.

"सापडत नाही."

"इथे. आफ्रिकेच्या उजवीकडे, हा ठिपका."

"एवढासा? डॉक्टर आहे तिथे?"

"आहे."

"गहू?"

"बोटीने येतो."

"पत्र किती दिवसांत पोचतं?"

"पंधरा दिवस लागतात म्हणे."

"पंधरा." बाबा खाकरले. "मग उत्तराची वाट बघत बसायचं नाही. दर आठवड्याला लिहायचं. दोघांनीही."

आईने माझ्या हातातली पळी काढून घेतली, कारण आमटी उतू चालली होती. मी तिथेच ओट्याला टेकले आणि डोळे पुसत कितीतरी वेळ हसत राहिले.