मोहाखालचा ढीग

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही भर दुपारची आहे. आणि दुर्दैवाने आमच्याच घरातली आहे.

साल १९८१. भंडारा जिल्हा. अड्याळपासून दोन कोसांवर आमचं गाव आणि गावामागे तलावाला लागून जंगलाचा एक तुकडा. तो माझ्या रुखमाआत्याच्या नावावर होता. आत्याला गावातच दिली होती. लग्नाला चार वर्षं झाली नाहीत, तोच चैत्रात मोहफुलं वेचायला गेलेल्या तिच्या नवऱ्याला, गुलाबला, वाघाने मारलं. त्याच जंगलात, मोठ्या मोहाच्या झाडाखाली.

आमच्याकडे एक जुनी चाल आहे. वाघाने माणूस मारला त्या जागी येणाऱ्या-जाणाऱ्याने एक दगड ठेवायचा.

चुकवायचा नाही.

ढीग जड होत गेला की खालचा माणूस शांत पडून राहतो. नाहीतर तो उठतो... आणि ओळखीच्यांना नावाने हाक मारतो. हाकेला ओ दिली की संपलं.

पहिला दगड आत्याने ठेवला होता, पांढऱ्या गारगोटीचा. मग रोज शेतावर जाता-येता एकेक. आठ वर्षांत, म्हणजे १९८१ पर्यंत, ढीग छातीएवढा झाला. दगडावर दगड टेकला की ‘टक’ असा आवाज व्हायचा. तिला तो गुलाबने ओ दिल्यासारखा वाटायचा. दुसरं लग्न कर म्हणून सगळे सांगून थकले, पण तिने मनावर घेतलं नाही.

त्या जंगलावर लाकडाच्या ठेकेदाराचा डोळा होता. अशात भंडाऱ्याच्या काही शिकल्यासवरल्या लोकांचं झाडराखण मंडळ गावात आलं. लोकांकडून जंगलाचे तुकडे दान घ्यायचे, झाडं उभी ठेवायची आणि सगळ्यांना फिरता यावं म्हणून आतून पायवाट काढायची, असं त्यांचं काम. चिटणीस पुंडलिकराव निवृत्त मास्तर होते, सरळ माणूस. आत्याची अट एकच होती. ढिगाला हात लावायचा नाही आणि वाट तिथून न्यायची नाही.

जामीन राहिला तिचा धाकटा भाऊ धनीराम. म्हणजे माझे बाबा.

ते तिला घेऊन मोहाखाली गेले, ढिगावर दगड ठेवला आणि वर हात ठेवून म्हणाले, “या गोट्याची आन, बाई. तुह्या ढिगाले कोनी बोट लावनार नाई. वाट मी तलावाच्या पाळीखालून नेतो.”

भावाचा शब्द. आत्याने दानपत्रावर अंगठा दिला. पायवाटेच्या कामावर मुकादम म्हणून मंडळाने बाबांनाच ठेवलं.

ते काम सुरू असताना आत्या नणंदेच्या बाळंतपणाला दिघोरीला गेली. इकडे अवकाळी पाऊस झाला. तलावाच्या पाळीखालची, म्हणजे बांधाखालची, जागा आधीच झिरपणारी, तिथे गुडघाभर चिखल झाला. फरसबंदी केल्याशिवाय वाट होईना. खाण लांब, उद्घाटन तोंडावर, पाहुणे जिल्ह्याहून यायचे. आणि बाबांच्या डोळ्यांसमोर फुकटचा दगड.

बहिणीची परवानगी आहे, असं त्यांनी पुंडलिकरावांना बेधडक सांगितलं. गावातला एकही मजूर हात लावेना, तेव्हा बाहेरची माणसं आणून ढीग उचलला. आत्याच्या लक्षात येऊ नये म्हणून त्याच जागी भाताच्या तणसाचा, पेंढ्याचा, ढीग रचला आणि वरून दगडांचा एक थर बसवला.

गावाने सगळं पाहिलं आणि गाव गप्प बसलं. त्याचा राग मला अजून येतो.

आत्या परतली ती दुपारीच मोहाखाली गेली. महिनाभराचे दगड राहिले होते. तिने एक उचलला, ढिगावर ठेवला...

आवाज आला नाही.

तिला वाटलं, आपलंच चुकलं. तिने दुसरा ठेवला. जरा जोराने.

काही नाही. झाडावरचे पोपटही एकाएकी गप्प झाले होते. ती तशीच उभी राहिली. आणि मग...

टक.

ढिगातून नाही. लांबून, पाळीच्या खालून.

तिने तिसरा दगड ठेवला. पुन्हा तिकडूनच... टक.

आत्याने वरचे दगड बाजूला सारले. हात कोपरापर्यंत तणसात गेला.

ती पाळीखाली उतरली. नवी वाट झकास झाली होती. एकाला एक लावून बसवलेले दगड, वर शहरी बुटांचा चिखल. मधोमध पांढरी गारगोटी होती, पायांखाली मळलेली. ती तिने नखांनी उकरून काढली, पदराने पुसली आणि मांडीवर घेऊन तिथेच बसली. संध्याकाळी बाबा त्या वाटेने आले तेव्हा ती तशीच बसलेली होती.

बाबांनी कधी आलीस म्हणून विचारलं. तिने ते ऐकलंच नाही.

“हे गोटे कायचे होत रे, धनीराम?”

“खानीचे होत.” मग त्यांना तिच्या मांडीवरचा दगड दिसला. “मेलेल्या मानसाले काय समजते, बाई? लोकाइच्या कामी आले न.”

“वाघानं त्याले एकदा नेलं,” आत्या म्हणाली. “तू दुसऱ्यांदा नेलं.”

त्यानंतर ती आमच्या घरी आली नाही.

पुढे काही दिवसांनी आई सकाळी अंगण झाडायला उठली. उंबऱ्यासमोर एक दगड होता. चिखलाने ओला.

तिने तो फेकला. दुसऱ्या सकाळी तिथे दोन होते.

रोज वाढत गेले. आणि तिकडे पायवाटेत रोज तेवढीच भगदाडं पडू लागली. मंडळाने राखणदार बसवला. त्याला कोणी दिसलं नाही. आमचा कुत्रा परक्याला अंगणात पाय ठेवू देत नसे, तो एकदाही भुंकला नाही. बाबांचा संशय अर्थातच आत्यावर. एका संध्याकाळी त्यांनी तिच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली उशाशी घेऊन झोपले.

सकाळी किल्ली उशाशी होती. कुलूप जागच्या जागी होतं. अंगणातला ढीग मात्र वाढला होता.

असा ढीग आमच्याकडे कशासाठी रचतात, ते बाबांना चांगलं माहीत होतं. त्यांचं जेवण सुटलं. शेवटी त्यांनी आत्याचे पाय धरले. “बाई, तू सांग न त्याले. थो तुहं आयकते.”

आत्या उठली आणि त्यांच्यासोबत आमच्या अंगणात आली. आईला वाटलं, सुटलो.

आत्या ढिगासमोर उभी राहिली. वाकून तिने एक दगड उचलला...

आणि ढिगावर ठेवला.

टक.

“चाल हाय,” ती म्हणाली. “येनाऱ्या-जानाऱ्यानं ठेवाच लागते.”

आणि गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा जेवायला बसले होते. एकदम त्यांनी मान वर केली. आईला काही ऐकू आलं नव्हतं. बाबा मात्र ओळखीचं माणूस दारात आल्यासारखे हसले आणि म्हणाले, “आलो.”

आईने धावत जाऊन दार अडवायच्या आत ते बाहेर पडले. हात उष्टे, पाय अनवाणी.

पाळीखालच्या चिखलात त्यांच्या पावलांचे ठसे होते. मोहाच्या झाडापर्यंत. पुढे नाही. त्या जंगलात कित्येक वर्षांत वाघ दिसला नव्हता, त्या दिवशीही कोणाला दिसला नाही. बाबाही पुन्हा दिसले नाहीत.

मी तेव्हा पाळण्यात होते. घरातलं मला आईने सांगितलं, बाकी सगळं आत्याने, म्हातारपणी, डोळ्यांत डोळे घालून. “भाऊ होता माहा,” एवढंच शेवटी म्हणाली. ती त्यांना वाचवू शकत होती का, हे मला अजून कळत नाही. कुणावर रागवायचं, हेही कळत नाही.

मंडळाने जंगल राखलं, ते खरं. झाडं उभी आहेत, पायवाटेवर खाणीचे दगड आहेत, शाळांच्या सहली येतात. आमचं घर बंद आहे. अंगणातला ढीग तसाच आहे, गावातले लोक जाता-येता त्यावर दगड ठेवतात.

गेल्या वर्षी मी गेले होते. भर दुपार होती. आपल्याच बापाच्या ढिगावर दगड न ठेवता कशी निघणार? वाकले, एक उचलला, अलगद ठेवला...

आवाज आला नाही.

बाहेरून ढीग होता तेवढाच दिसत होता. मी सारून पाहिलं नाही. दुसरा दगडही ठेवला नाही. दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून मी रस्त्यापर्यंत चालत आले.