ज्यानं आग घातली, त्यानं बसायचं

"गनीभाई, लायटर है क्या?" एवढंच मी विचारलं, आणि तिथून माझं जे वाटोळं सुरू झालं ते आजतागायत चालू आहे.

गनी म्हणजे आमचा ट्रेलर ड्रायव्हर. आणि मी विनिता, दुबईतल्या एका इव्हेंट कंपनीची कोऑर्डिनेटर, म्हणजे कुणाचंही काहीही चुकलं तरी जिच्या डोक्यावर खापर फुटतं ती. दोन हजार एक साल सरत आलं होतं. रमझान संपला होता आणि जुन्या गाड्यांच्या मेळ्यांचा हिवाळी सीझन शारजातून सुरू होत होता. मार्चपर्यंत आज इथे, उद्या तिथे. चकाचक पुसलेल्या मोटारी रांगेत उभ्या होत्या आणि मधोमध उभं होतं खतीजा मॅडमचं वाफेचं इंजिन.

आगगाडीचं इंजिन रूळ सोडून रस्त्यावर उतरलं तर जसं दिसेल, तसं ते दिसायचं. पुढे उंच धुराडं, मागे माणसाएवढी लोखंडी चाकं, अंगावर जागोजागी पितळ. विलायतेत म्हणे एके काळी मळणीयंत्रं आणि अवजड गाडे ओढायला असली इंजिनं होती. खतीजा मॅडमच्या नवऱ्याने हौसेने ते बोटीने आणवलं, आणि तो गेल्यावर त्या ते जिवापाड जपत होत्या. फोटोग्राफरला धूर हवा होता. भट्टीत लाकडं रचलेली, तेलात भिजवलेले बोळे कोंबलेले... आणि इंजिनवाला चहाला गेलेला. माझ्या शेड्यूलप्रमाणे धूर कधीच निघायला हवा होता. मी गनीचा लायटर घेतला, एक बोळा पेटवला आणि आत टाकला.

धूर झकास आला. फोटो निघाले. मग माझ्या मागून कुणीतरी अगदी शांतपणे विचारलं, "कुणी घातली आग?"

मी वळून पाहिलं. ग्रीसने माखलेला निळा बॉयलर सूट, हातात कागदी कपात चहा, आणि डोळे असे की भांडायला गेलेल्या माणसाने आपलं वाक्यच विसरावं. मी मात्र विसरले नाही.

"मी घातली. तुम्ही वेळेवर नव्हता."

मी टेबल असल्यासारखा त्याने चहा माझ्या हातात ठेवला, वाकून बॉयलरची पाण्याची काच पाहिली, वाफेच्या काट्याला टिचकी मारली आणि चहा परत घेतला.

"पाणी भरून ठेवलं होतं म्हणून बरं. नसतं, तर तुमच्या फोटोग्राफरला लई वेगळा फोटो मिळाला असता."

"सॉरी," मी म्हटलं. "आता मी जाते. मला स्टेजचं बघायचंय."

"कसं जाल? बसा की." त्याने तेलाचा एक रिकामा डबा उलटा करून पुढे सरकवला. "ज्यानं आग घातली, त्यानं बसायचं. आग काढून काटा खाली येईपर्यंत. आमचे वडील सांगलीकडं साखर कारखान्यात बॉयलरवर होते, त्यांचा नियम आहे. पेटत्या आगीला मालक लागतो."

"हे शारजा आहे. साखर कारखाना नाही."

"म्हातारीला काय ठाऊक, शारजा का सांगली," असं म्हणून त्याने इंजिनाच्या पोटावर थोपटलं.

मी तणतणत खतीजा मॅडमकडे गेले. त्या हसल्या. "बैठ जा, बेटी. एक बार मेरे मियाँ ने आग जलाई थी. ईद का खाना छूट गया, लेकिन उठे नहीं."

झालं. सबंध मेळा मी उन्हात, तेलाच्या डब्यावर बसून वॉकीटॉकीवरून चालवला. नव्या कोऱ्या ड्रेसला मागे काळा गोल शिक्का बसला. त्याचं नाव शैलेंद्र, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका फॅक्टरीत बॉयलर इंजिनियर, सुट्टीच्या दिवशी इथे म्हातारीच्या सेवेला. दुपारी त्याने न विचारता आपल्या डब्यातली अर्धी पोळी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढे धरली. मी रागाने खाल्ली, पण खाल्ली.

त्या माणसाला घाई म्हणून ठाऊक नव्हती. आग हळूहळू वाढवायची, कारण घाई केली तर बॉयलरचं लोखंड खराब होतं. तेल एकेका सांध्याला हाताने द्यायचं. सगळे घरी गेले तरी हा राख काढत बसणार. आणि काहीही विचारा, उत्तर एकच.

"शैलेंद्र, परेडला इंजिन वेळेत निघेल ना?"

"बघू."

"पुढच्या वेळी लवकर याल?"

"बघू."

"दुसरा काही शब्द येतो का तुम्हाला?"

त्याने खरोखर विचार केला. "बघूया," म्हणाला.

रास अल खैमाला पाण्याचा टँकर आला, तर याने बोट बुडवून चाखलं आणि टँकर परत पाठवला. पाणी खारं होतं, बॉयलरच्या नळ्यांत क्षार धरतो, म्हातारीला चालत नाही.

"मग काय पाजू तिला? मिनरल वॉटर?" मी वैतागून म्हटलं.

"चालेल की."

आणि मी मूर्खासारखी पिकअप भरून प्यायच्या पाण्याचे कॅन मागवले. डोंगराच्या सावलीत बसून आम्ही दोघांनी एकेक झाकण उघडलं आणि एकेक कॅन त्या बयेच्या पोटात ओतला. माझी बोटं सोलवटली. त्याने न बोलता माझा हात ओढून घेतला आणि खिशातलं मऊ पांढरं फडकं बोटांना गुंडाळलं. त्या फडक्याने तो फक्त पितळी शिट्टी पुसायचा. गनीलासुद्धा हात लावू द्यायचा नाही.

"दुखतंय का तुला?" त्याने विचारलं. 'तुला' म्हणाला तो, पहिल्यांदाच.

"नाही," मी खोटं बोलले. फडकं धुवायला म्हणून घरी नेलं, ते परत काही दिलं नाही.

अल ऐनला तर पाऊसच आला. या देशात पावसाला वर्षातून दोन-चार दिवस मिळतात, त्यातला एक त्याने नेमका माझ्या परेडसाठी निवडला. मंडप गळायला लागले, पाहुणे पळाले, गाड्यांवर ताडपत्र्या पडल्या. इंजिन मात्र पेटलेलं, त्यामुळे पेटवणारा जागेवर. मी तर आग घातली नव्हती, तरी मी का थांबले हे मला विचारू नका. छत्री त्याच्या डोक्यावर धरून मी अर्धी भिजत उभी होते. थेंब तापलेल्या लोखंडावर पडून चर्र करत होते. ओल्या वाळूचा आणि कोळशाचा वास एकत्र येत होता, आणि आमचे खांदे एकमेकांना लागत होते...

"भिजतेयस," तो म्हणाला.

"तुला इंजिनाशिवाय काही दिसतं का?"

"दिसतं की." त्याने काट्यावरची नजर काढून माझ्याकडे वळवली आणि तिथेच ठेवली. "लई दिवस झाले दिसतंय... तुला एक बोलायचं होतं..."

"काय?" मी विचारलं.

"म्हणजे... बघू," तो म्हणाला. त्याच वेळी सेफ्टी व्हॉल्व्हमधून फुस्सकन वाफ सुटली. मला वाटलं माझ्याच डोक्यातून सुटली. छत्री त्याच्या हातात कोंबून मी पावसातून गाडीपर्यंत चालत गेले. मला तो आवडत होता, इतका आवडत होता की त्याचा रागच यायचा.

इकडे शारजात, घरी, आईने अबू धाबीचं एक स्थळ काढलं होतं. मुलगा बँकेत, त्याचे आईवडील पुण्याहून आलेले. शुक्रवारी पाच वाजता ते चहाला येणार होते. तो शुक्रवार म्हणजे आमच्या सीझनचा शेवटचा शो, दुबईत. मार्च संपला की उन्हाळा. मग म्हातारीचं पाणी काढून, ग्रीस फासून तिला गोडाऊनमध्ये झाकून ठेवतात, आणि मला शैलेंद्रला भेटायला कारणच उरत नाही. चारपर्यंत घरी येते असा मी आईला शब्द दिला. मग शैलेंद्रला फोन करून सगळं सांगितलं, मुलगा, बँक, पाच वाजता, चहा. म्हटलं आता तरी याच्या तोंडून काही निघेल.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बघू."

बस बघत, म्हणून मी फोन ठेवला. त्याचं फडकं धुऊन, इस्त्री करून पर्समध्ये ठेवलं. परत द्यायचं, खलास.

शुक्रवारी सकाळी मैदानावर पोचले तर धुराचा पत्ता नाही. परेड दुपारच्या नमाजनंतर, आणि वाफ धरायला तास न् तास लागतात. इंजिन थंडगार. पाणी भरलेलं, लाकडं रचलेली, बोळे भिजवलेले, पितळ लखलखतंय. आणि हा डब्यावर बसलेला, चक्क इस्त्रीच्या शर्टात.

"आग का नाही घातली?" मी विचारलं.

"आज मी नाही घालणार."

"बरं नाहीये का तुला?"

"बरा आहे की."

"मग कोण घालणार? गनी?"

"तू घालशील तर..." त्याने खिशातून लायटर काढला. गनीचाच.

"मी घातली तर मला संध्याकाळपर्यंत हलता येणार नाही."

"हं."

"पाच वाजता घरी माणसं येणार आहेत."

"म्हणून तर..." एवढं बोलून तो अडकला.

माझा संयम संपला. "म्हणून तर काय? सबंध सीझन मी तुझ्या 'बघू'वर काढला, शैलेंद्र. आता तू वडलांच्या नियमाआड लपणार आणि मी निमूटपणे डब्यावर बसायचं? नाही बसणार. आधी तोंडाने सांग. मला तू आवडतोस. हे बघ, लागला का काही वेळ? आता तू बोल."

गनी काही कारण नसताना ट्रेलरखाली घुसला. शैलेंद्र उठून उभा राहिला.

"मला भीती वाटायची," तो म्हणाला. "तू घड्याळावर चालणारी. मला प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो. असल्या माणसापाशी तू जन्मभर बसशील का, हे विचारायचं कसं? वडील म्हणायचे, आग घालायच्या आधी पाणी बघून घे. मी आपला सबंध सीझन पाणीच बघत बसलो." "मला तू आवडतेस, विनिता. पहिल्या दिवशी तुझ्या हातात चहा दिला ना, तेव्हापासून. त्या बँकवाल्याला चहा देऊ नको."

मी लायटर घेतला, बोळा पेटवला आणि आत टाकला. मग आईला फोन लावला.

"आई, मला आज येता येणार नाही. मी इंजिन पेटवलंय."

"काय पेटवलंयस?"

"इंजिन. ज्यानं आग घातली, त्यानं बसायचं असतं."

पलीकडे आई बाबांना म्हणाली, "अहो, ही काय बोलतेय बघा तरी. मला मेलीला काही कळत नाही." बाबांना कळलं. त्या नियमाच्या नावाने मी सीझनभर घरी बोटं मोडत होते आणि माझे बाबा काही बहिरे नाहीत. फोन घेऊन ते एवढंच म्हणाले, "अबू धाबीला मी कळवतो. तू आगीकडे लक्ष दे."

दुपारी म्हातारी अशी दिमाखात निघाली की विचारू नका. शिट्टी मी वाजवली. खतीजा मॅडमनी माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं, त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अब हर ईद को खाना ठंडा मिलेगा, बेटी. आदत डाल ले."

ऊन उतरताना बाबा आले, पाहुण्यांसाठी काढलेल्या नव्या पँटमध्ये. आम्ही भट्टीतली आग काढली होती. काटा अजून वरच होता. बाबांनी इंजिन पाहिलं, मग शैलेंद्रला पाहिलं.

"वेळ लागेल का अजून?" त्यांनी विचारलं.

"लागेल थोडा, काका."

"लागू दे," म्हणून बाबा दुसरा डबा उलटा करून बसले. त्यांच्याही पँटला मागे काळा गोल शिक्का बसला. मला आईचा चेहरा दिसायला लागला.

बऱ्याच वेळाने काटा तळाशी टेकला. शैलेंद्रने हात पुसले. "झालं. आता तू जाऊ शकतेस," तो म्हणाला, आणि मग मी त्या माणसाला पहिल्यांदा घाई झालेली पाहिली. "म्हणजे, जाऊ नको. म्हणजे जा, पण मीही येतो. आत्ताच येतो घरी, आईंना भेटतो. काका, चालेल ना? कपडे बदलतो पटकन. नाही, कपडे राहू देत, असाच येतो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय ग? येऊ दे का याला?"

हा सीझन मी कशावर काढला ते मला आठवलं.

"बघू," मी म्हटलं.

त्याचा चेहरा असा पडला की माझं मलाच वाईट वाटलं. मी पर्समधलं इस्त्रीचं फडकं काढलं आणि त्याच्या नाकावरची काजळी पुसली. मग जाऊन बाबांच्या गाडीचं मागचं दार उघडलं. बाबांनी येतानाच सीटवर पेपर अंथरून ठेवला होता, दोघांना पुरेल एवढा.