कापलेली सही

विश्वास ठेवायचा असेल तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी कुणाला पटवायला बसलेली नाही. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, माझ्याच दुकानात, आणि यातलं एक अक्षर मी पदरचं घातलेलं नाही.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना मध्यरात्र लागते. इथे भर दुपार होती. फेब्रुवारी महिना. व्हर्जिनियातलं आमचं हार्कर्स फोर्ड गाव. सकाळपासून गोठणारा पाऊस पडत होता आणि रस्त्यावर काचेसारखा बर्फ धरला होता. वीज गेलेली. गिऱ्हाईक येण्याचा प्रश्नच नव्हता.

मी नोरीन टिबेट. मी आणि माझा नवरा आर्लो, आमचं जुन्या पत्रांचं दुकान आहे. राष्ट्राध्यक्षांची पत्रं, सेनापतींचे हुकूम, सिनेटरांनी एकमेकांना घातलेल्या शिव्या, सगळं मिळेल. मी विकते, आर्लो दुरुस्त करतो. फाटका कागद त्याच्या हातात द्या, असा जोडून देईल की जोड भिंगातूनही दिसायचा नाही.

पण घाई नको! खळ लावली की त्यावर टिपकागद, टिपकागदावर लोखंडी ठोकळा, आणि मग वाळेपर्यंत कुणी बोट लावायचं नाही. यावरून आमची किती भांडणं झालीत म्हणून सांगू. गिऱ्हाईक समोर ताटकळतंय आणि हा गृहस्थ म्हणतोय, "ओलं काम मी हातात देत नाही."

दुकानात आमची एकच वस्तू विकायला नव्हती. आर्लोच्या खापरपणजीचा, ल्युसिंडा टिबेटचा, सह्यांचा अल्बम.

तेव्हा ते खूळच होतं घरोघरी. मोठ्या माणसाचं पत्र हाती लागलं की कात्री घ्यायची, खालची सही कापायची आणि अल्बममध्ये लावायची. उरलेलं पत्र चुलीत. सेनापतींच्या विधवासुद्धा नवऱ्याच्या सह्या कापून लोकांना पोस्टाने पाठवायच्या. आज आम्ही ऐकून कपाळावर हात मारतो, पण तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

दीडशे वर्षांपूर्वी, उत्तर-दक्षिण युद्धाच्या काळात, ल्युसिंडा खानावळ चालवायची. येणारे-जाणारे तिच्याकडे उतरायचे. त्यामुळे तिचा अल्बम भरगच्च. त्यातली सगळ्यात झोकदार सही होती जनरल थॅडियस क्रेलची. आर्लो ती येईल त्याला दाखवायचा. नवीन जावई दाखवावा तशी.

तर त्या दुपारी आम्ही शेगडीपाशी बसलो होतो, आणि ढोल ऐकू आला.

ढब...

ढब...

कापड गुंडाळून वाजवल्यासारखा. गावामागच्या मैदानाकडून.

"या डेलला घरात बसवत नाही का रे?" मी म्हटलं. "असल्या बर्फात तालीम?"

डेल प्रुइट आमचा शेजारी. निवृत्त पोस्टमन. आमच्याकडे निम्मं गाव सुट्टीच्या दिवशी त्या युद्धातले जुने गणवेश घालून लढाई-लढाई खेळतं. पोटं सुटलेले बाप्ये मैदानात मरून पडतात, मग उठून सॉसेज खातात. डेल त्यांचा सार्जंट.

"त्याच्या बायकोने हाकललं असेल," आर्लो म्हणाला. आम्ही हसलो.

मी शेगडीत लाकूड सारायला वाकले. वर पाहिलं, तर टेबलापाशी एक बाई उभी.

दाराची घंटा वाजली नव्हती.

साठीची असेल. काळा झगा, डोक्याला शाल. झग्याची किनार लाल चिखलाने बरबटलेली. माझं डोकंच फिरलं, कारण फरशी मी सकाळीच पुसली होती. ही आली डेलच्या कंपूतली, असं मनात म्हणत मी फडकं घेऊन गेले.

फरशी कोरडी होती.

चिखल नाही. पाण्याचा थेंब नाही. बाहेर पाऊस ओततोय आणि शालीवरही थेंब नाही...

तेव्हा मला ते कळलं नाही. कळायला हवं होतं.

"कागद दुरुस्त करणारे तुम्हीच का साहेब?" तिने आर्लोला विचारलं. "एवढं बघता का? ढोल वाजतोय तोवर वेळ आहे."

तिने छातीशी धरलेला कागद टेबलावर ठेवला. आर्लोने भिंग उचललं.

तुम्हाला आमच्या धंद्यातली माणसं माहीत नाहीत. समोरचा माणूस मरायला टेकला असेल तरी आधी त्याच्या हातातला कागद बघतील. आर्लोने त्या बाईचं तोंडही धड पाहिलं नाही.

"नोरीन, हे बघ! शिपायाची फाशी रद्द... नाही, फाशी नाही, गोळ्या घालायची शिक्षा. ती माफ केल्याचा हुकूम आहे. लेवी स्ट्राउड नावाचा शिपाई. कागद बघ कसा आहे, काल लिहिल्यासारखा."

खरंच काल लिहिल्यासारखा होता. शाईचा वास येत होता.

आणि खाली, जिथे सही असते तिथे, चौकोनी भोक.

"लेवी माझा मुलगा," बाई म्हणाली. "पळपुटा नाही हो तो. मी तापाने फणफणलेय असं कुणीतरी त्याला कळवलं, म्हणून छावणीतून उठून घरी आला. मला पेज पाजत होता तेव्हाच धरून नेला. माझ्यापायी झालं सगळं."

तिचा आवाज रडका नव्हता. किती जणांना हेच सांगून झालं असेल, तसा होता.

"मी जनरलसाहेबांचे पाय धरले. त्यांनी माझ्यासमोर सही केली. येताना रात्र झाली म्हणून इथे खानावळीत उतरले. मालकीणबाई म्हणाल्या, बघू तरी कागद. सकाळी घडी घालून परत दिला. मला वाचता येत नाही. मी तशीच छावणीत गेले. तिथले साहेब म्हणाले, म्हातारे, यावर सही कुठाय? सहीशिवाय हा नुसता कागद आहे. ढोल थांबला की गोळ्या घालणार."

मला वाटलं, काय सुंदर पाठ केलंय बाईने! डेलच्या माणसांचं असंच असतं. एकदा सोंग घेतलं की जेवतानासुद्धा सोडत नाहीत.

पण आर्लो पांढरा पडला होता.

तो उठला, अल्बम घेऊन आला. क्रेलची सही नुसती कोपऱ्यांच्या खाचांत अडकवलेली होती. त्याने चिमट्याने ती काढली आणि त्या भोकात ठेवली.

चपखल बसली. वरच्या ओळीतल्या एका अक्षराची शेपटी कापली गेली होती, तिचा उरलेला तुकडा सहीच्या कडेला होता. रेघेला रेघ जुळली.

"अरे देवा," आर्लो पुटपुटला.

"आर्लो, थांब," मी त्याच्या कानाशी म्हटलं. "ओळख ना पाळख. अल्बममधली सही अशी देऊन टाकणार? ती आपली आहे."

"आपली कधीच नव्हती, नोरीन."

इतक्या वर्षांच्या संसारात मला त्याचा एवढा अभिमान क्वचित वाटला असेल. हे मुद्दाम सांगते. पुढचं ऐकून तुम्ही त्याला नावं ठेवाल म्हणून.

त्याने खळ कालवली. बारीक कुंचल्याने कडांना लावली. मागून पातळ कागदाची पट्टी. तो कामाला लागला की त्याला जग दिसत नाही.

ढब... ढब...

बाई हात जोडून उभी होती. तिची नजर कागदावरून हलत नव्हती.

सही बसली. तिने हात पुढे केला.

"अं हं," आर्लो म्हणाला. त्याने वर टिपकागद ठेवला आणि लोखंडी ठोकळा चढवला. "ओलं आहे. वाळू दे. आत्ता उचललात तर सही सरकेल, सगळं वाया जाईल. बसा जरा."

"ढोल..." ती म्हणाली.

"पक्कं काम करून देतो. बसा."

आणि ती बसली हो! शेगडीजवळच्या खुर्चीत, अगदी टोकाला. मोठ्या माणसांनी थांब म्हटलं की थांबायचं, एवढंच ती आयुष्यभर शिकली असावी.

मी कॉफी ओतून तिच्या पुढ्यात ठेवली. तिने हात लावला नाही. माझ्या कपातून वाफ निघत होती. माझ्या तोंडातूनही निघत होती, इतका गारठा होता.

तिच्या तोंडातून निघत नव्हती...

स्वतःलाच म्हटलं, नोरीन, वेडेपणा करू नकोस.

तेवढ्यात घंटा खणखणली. दार उघडून डेल आत आला. अंगावर घरातला जाडा स्वेटर, पायात पोस्टाचे जुने बूट.

"वीज तुमच्याकडेपण गेली का?" पाय आपटत तो म्हणाला. "बायको म्हणते, नोरीनकडे शेगडी आहे, जाऊन ऊब घे आणि माझं डोकं खाऊ नकोस."

"डेल," मी म्हटलं, "तुझी माणसं मैदानात सोडून तू इथे कसा?"

"कुठली माणसं? असल्या बर्फात कोण मरायला बाहेर पडतंय? सगळे घरी आहेत."

"मग ढोल कोण वाजवतंय?"

डेलने कान दिला.

"कसला ढोल?"

ढब...

ढब...

मी खुर्चीकडे बघितलं. ती तिथेच होती. माझ्याकडे बघत होती. डेल तिच्या अगदी जवळून शेगडीपाशी गेला आणि हात शेकायला लागला. तिच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

ढोल जलद झाला.

"आर्लो, तो कागद दे तिला," मी म्हटलं.

"झालंच आता."

"आर्लो! ओला असू दे, सरकू दे, फाटू दे! तिचा मुलगा आहे तिथे!"

"मी ओलं काम..."

मी ठोकळ्याला हात घातला. त्याने माझं मनगट धरलं. सवयीने, दुसरं काही नाही. इतकी वर्षं गिऱ्हाइकांचे हात तो असाच धरत आला होता. मी हिसका दिला, पण त्याने सोडलं नाही.

ढोल थांबला.

इतकी शांतता मी कधी ऐकली नाही. शेगडीतलं लाकूडही तडतडेना.

आणि मग मैदानाकडून... एकदम... बऱ्याच बंदुकांचा एकच बार.

खिडकीची काच थरथरली. डेल म्हणाला, "झाडाची फांदी मोडली वाटतं बर्फाने."

बाई ओरडली नाही. रडली नाही. खुर्चीतून सावकाश उठली, टेबलापाशी आली आणि आर्लोला विचारलं,

"आता वाळलं का हो?"

त्याने ठोकळा बाजूला केला, टिपकागद उचलला, जोडावर बोट ठेवलं. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "अजून ओलंच आहे."

तिने मान हलवली. उशीर झाल्यावर कुणी समजूत घालावी आणि आपण हो म्हणावं, तशी.

"मग थांबते मी," ती म्हणाली.

डेलने मागे वळून विचारलं, "काय ओलं आहे? कुणाशी बोलतोयस तू, आर्लो?"

मी डेलकडे बघितलं. एक क्षणभरच. परत वळले तेव्हा तिथे कुणी नव्हतं. कॉफीचा कप भरलेला होता, त्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. शेगडीपासून हातभर अंतरावर.

दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर मी मैदानात जाऊन आले. बर्फ गुळगुळीत होता. एक पाऊल उमटलेलं नव्हतं, एक फांदी मोडलेली नव्हती.

लेवी स्ट्राउड नावाचा शिपाई होता का, त्याचं काय झालं, हे आर्लोने शोधायला घेतलं होतं. मीच थांबवलं. काय करायचंय कळून? बार मी ऐकलाय.

हे सांगून मी मोकळी होईन असं वाटलं होतं. नाही होत.

आर्लोने त्यानंतर कुंचला धरलेला नाही. बसून असतो. रात्री उठून हात धुतो, बोटांना खळ लागलीय म्हणतो. मी त्याला सांगते, तू चांगलंच करायला गेला होतास. तो मान हलवतो. पण मी त्याची बायको आहे, माझ्याही मनात तेच येतं जे त्याच्या मनात येतं. तिला जोड न दिसणारा कागद नको होता. कसाही चालला असता.

तो कागद अजून आमच्याकडे आहे. विकवत नाही, जाळवत नाही. आधी ठोकळ्याखाली होता. मग शेगडीजवळ ठेवला. मग सबंध उन्हाळा खिडकीत, भर उन्हात.

आज सकाळी मी पुन्हा जोडावर बोट ठेवून बघितलं.

अजून ओला आहे.

आणि शेगडीजवळच्या त्या खुर्चीत आम्ही दोघंही बसत नाही.