राखाडी रंगाखालचं इंजिन

"काका इंजिनरूममध्ये पडलेत. हालत नाहीत," पहारेकरी फोनवर म्हणाला. अर्ध्या तासात चौकशी अधिकारी बाई धक्क्यावर पोचल्या.

धक्क्यावर रणगाड्यांची रांग लागली होती. आदल्या दिवशीच हुकूम सुटला होता: पाच दिवसांत जहाज निघालं पाहिजे. लष्कराने हे जुनं मालवाहू जहाज अशाच दिवसासाठी विकत घेतलं होतं. एरवी ते बांधून ठेवायचं, दर सोमवारी इंजिन फिरवायचं आणि नोंदवहीत सही करायची.

ती सही करणारा म्हातारा इंजिनिअर लोखंडी जिन्याच्या तळाशी उताणा मरून पडला होता. सगळे त्याला काकाच म्हणत. उजव्या डोळ्यावर पट्टी. जिन्याच्या पायऱ्यांवर तेल.

"तेलावरून घसरला," अधीक्षक म्हणाला. जहाजाची देखभाल त्याच्याकडे होती. छातीवर 'सदैव सज्ज'चा बिल्ला. उत्तम देखभालीचं बक्षीस सलग तीनदा मिळाल्याचं त्याने न विचारताच सांगितलं.

बाईंनी काकांचे बूट उलटून पाहिले. तळवे कोरडे.

"तेल आलं कुठून?"

"इंजिन फिरवलं की गळतंच थोडं. बायकांना यातलं काय कळणार!"

"शेवटचं कधी फिरवलं?"

"या सोमवारी. मी शेजारी उभा होतो. काकांनी माझ्यासमोर सही केली."

बाई इंजिनापाशी गेल्या. काय ती चकाकी! राखाडी रंगात कुठे एक ओरखडा नाही. मोठं चाक आणि त्यावरचं झाकण यांमधल्या फटीवरही रंगाचा पापुद्रा सलग चढला होता.

"हा रंग कधीचा?"

"गेल्या वर्षीचा. मंत्री पाहायला आले होते, तेव्हाचा," अधीक्षक अभिमानाने म्हणाला.

वर पहारेकरी घाबरून उभा होता.

"सकाळपासून जहाजावर कोण होतं?"

"आम्ही तिघंच, बाई. मी इथं दारावर. काका आणि साहेब आत."

"तेल कुठे ठेवतात?"

"कोठारात. किल्ली साहेबांकडे. काकांनाही मागून घ्यावी लागायची."

तेवढ्यात काकांची मुलगी आली. रडून डोळे सुजले होते, पण आवाज ठाम होता.

"सोमवारी बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दिवसभर दवाखान्यात मीच होते त्यांच्याजवळ. आज सकाळी निघताना म्हणाले, मी मुख्यालयाला खरं काय ते सांगणार."

बाईंनी सगळ्यांना अधीक्षकाच्या केबिनमध्ये बोलावलं. भिंतीवर तीन ढाली टांगलेल्या होत्या.

"वर्षभर हे इंजिन तसूभरही फिरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "चाक फिरलं असतं, तर फटीवरचा रंग फाटला असता. न फिरलेल्या इंजिनातून ताजं तेल गळत नाही. सोमवारची सही खोटी, कारण सही करणारा दवाखान्यात होता. बाकीच्या सह्यांचीही तीच गत असणार. काका आज तोंड उघडणार होते. तुम्ही त्यांना जिन्यावरून ढकललंत. मग कोठार उघडून पायऱ्यांवर तेल ओतलंत. बुटांना तेल लावायचं मात्र राहिलं. तुमची सगळी देखभाल अशीच, वरवरची."

अधीक्षकाचा चेहरा पांढराफटक पडला. "पण असा हुकूम येईल असं कुणाला वाटलं होतं? इतक्या वर्षांत कधी आला होता? काकांना म्हटलं, दोन दिवस गप्प बसा, काहीतरी खटपट करू. ऐकेचनात. हात लागला फक्त."

"समोरच्या किनाऱ्यावर आपली पोरं या रणगाड्यांची वाट बघतायत," मुलगी म्हणाली. "माझा भाऊ आहे त्यांच्यात."

"तब्येतीचं कारण देऊन राजीनामा लिहू का?" अधीक्षकाने हळूच विचारलं.

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी बुटाला लागलेल्या चिखलाकडे पाहतं. मग त्यांनी फोन उचलला आणि मुख्यालयाला कळवलं, "दुसरं जहाज शोधा. हे फक्त रंगवलेलं आहे."