सहाशे बारा वेळा

तो वरच्या तीन पायऱ्यांपैकी एखादीवर बसला असता, तर ती त्याच्याशी बोललीही नसती. पण पठ्ठ्या बसला होता बरोबर पाचव्या पायरीवर. मांडीवर लॅपटॉप, पायात चिखलाने माखलेले गमबूट, आणि स्वेटरच्या पाठीला गवताच्या चार-पाच काड्या. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या दारात असं ध्यान काही रोज बसत नाही. ती जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडली होती. त्याच्या मागून जाताना थबकली, कारण त्याच्या पडद्यावरचं पान तिच्या ओळखीचं होतं.

"हे जर्नल तुम्ही इथे बसून वाचताय?"

तो दचकला. "चोरी नाही हो करत. तुमचं पाहुण्यांचं वाय-फाय इथवर येतं."

"वाय-फाय येतं. करार येत नाही."

"म्हणजे?"

"प्रकाशकाशी आमचा करार आहे. ग्रंथालयाच्या वास्तूत जो कुणी प्रत्यक्ष हजर असेल, त्याला वाचता येईल. वास्तू म्हणजे छपराखालची जागा. आणि छप्पर तिसऱ्या पायरीला संपतं."

त्याने मान वर करून छप्पर पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. दुसऱ्या कामाला जरा जास्त वेळ लागला.

"मग दोन पायऱ्या वर सरकतो."

"आत खुर्च्या आहेत," ती म्हणाली. "आणि... पाठीवर गवत आहे तुमच्या."

"गाभण शेळी होती," तो म्हणाला. एवढं सांगितलं की सगळं आलं, असा त्याचा चेहरा होता.

तर अशी सुरुवात झाली. तो जनावरांचा डॉक्टर. गावाबाहेर छोटा दवाखाना, त्यात तो एकटाच. शेळ्या-मेंढ्यांच्या आजारांवरचं एक जर्नल त्याला हवं होतं, आणि ते घरी विकत घ्यायचं तर वर्षाला एक चांगली दुभती गाय गेली असती. ती ग्रंथालयात जर्नलांचा विभाग बघायची. तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठ वळली की कलमबाई, कारण प्रकाशकांचे करार कलम अन् पोटकलमासकट वाचलेली त्या चार मजली इमारतीत ती एकटीच. बाकीचे सही कुठे करायची तेवढं बघायचे.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता तो येऊ लागला. खिडकीजवळचा सहा नंबरचा कॉम्प्युटर त्याचा ठरून गेला.

"तुम्हाला कलमबाई म्हणतात ना?" एकदा त्याने विचारलं.

"कुणी सांगितलं?"

"दारावरच्या मामांनी. मी काही विचारलं नव्हतं." तो जरा थांबला. "म्हणजे... विचारलं होतं."

तिने उगाचच एका कागदावर शिक्का मारला. कागद कोरा होता.

"शेळी बोलत नाही," दुसऱ्या एका दिवशी तिने विचारलं, "मग तिला काय होतंय ते कळतं कसं?"

"बघत बसायचं. खाणं सुटलं, कान पडले, कळपातून बाजूला जाऊन उभी राहायला लागली – की समजायचं."

"आणि माणसांचं?"

"माणसांत मी जरा कच्चा आहे," तो म्हणाला, आणि तिने पुन्हा शिक्का उचलला.

घरी वहिनीच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. "मंगळवार आला की आमच्या वन्संची इस्त्री तापते," ती दादाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची. "शुक्रवारी पुन्हा. बाकीचे दिवस चुरगळलेले चालतात वाटतं."

"वहिनी, गप गं."

"गप्पच आहे मी. इस्त्री बोलतेय."

आता हे सगळं असंच चाललं असतं तर काही म्हणणं नव्हतं. पण वर्षाचा शेवट आला आणि त्याबरोबर प्रकाशकाचं पत्र आलं. दर अठरा टक्क्यांनी वाढले. ही जर्नलं सुटी कधी मिळतच नसत. चौदाशे जर्नलांचा एकच गठ्ठा, घ्यायचा तर अख्खा घ्या. हवी असलेली दोनशे मिळवायची तर नको असलेली बाराशे गळ्यात. शेळ्या-मेंढ्यांचं जर्नलही असंच गठ्ठ्यातून आलेलं. विद्यापीठात तो विषय शिकवतच नव्हते. बरं, लेख लिहिणार आपलेच प्राध्यापक, तपासून देणार तेच, तेही फुकट, आणि मग ते वाचायला पैसे मोजणार आपणच. वर्गणी थांबवली की मागचे अंकसुद्धा गायब. कागदाचे होते तेव्हा निदान कपाटात तरी राहायचे.

यंदा गठ्ठा फुटला नाही, तर नवी पुस्तकं घ्यायला काही उरणार नव्हतं. मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्य ग्रंथपालांनी, ते काम तिच्यावर टाकलं. खरोखर वाचली जाणारी दोनशे वीस जर्नलं निवड, बाकीची वाचली जात नाहीत हे बैठकीत दाखव, आणि प्रकाशकाला सुटी द्यायला लाव.

हे तिने डॉक्टरला सांगितलं ते सहज, टेबलाला टेकून.

"मग माझं जर्नल?" त्याने विचारलं.

"वापर नसेल ते जाणार."

"वापर मोजतात कसा?"

"लेख किती वेळा उतरवून घेतला, त्यावरून."

"एकाच माणसाने घेतला तरी?"

"यंत्राला माणूस कुठे दिसतो? ते बटणं मोजतं."

तो पडद्याकडे वळला. ती आपली समजली, बिचाऱ्याला वाईट वाटलं.

तीन आठवडे खपून तिने यादी केली. मोठ्या सरांनी चष्मा कपाळावर चढवून शेवटचं पान पाहिलं. "दोनशे वीस म्हणालो होतो. हे दोनशे एकविसावं कोणतं? शेळ्या?"

"राहू दे ना, सर."

"कारण?"

"वाचक आहे."

सरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा, आणि सही ठोकली. तिचा चेहरा मात्र दिवसभर गरम राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तिने एखादी नोंद कारणाशिवाय केली होती, आणि कारण तर चांगलं ठाऊक होतं तिला.

बैठक सोमवारी झाली. लांब टेबल, सात विभागांचे प्रमुख, आणि समोर प्रकाशकाचा माणूस. गोड बोलणारा, इतका की मधाला मुंग्या लागाव्यात तसे विभागप्रमुख त्याच्याकडे झुकून बसले होते. तिने आपले तक्ते मांडले. हजारावर जर्नलांना वर्षाकाठी दहा वाचकसुद्धा नाहीत, तेव्हा गठ्ठा फोडा. सगळे माना डोलवू लागले होते, तेवढ्यात त्याने हसत हसत एक कागद पुढे सरकवला.

"मॅडम, हे तुमच्या तक्त्यानंतरचे आकडे. गेल्या सहा आठवड्यांचे, आमच्याकडचे. शेळ्या-मेंढ्यांचं जर्नल, सहाशे बारा वेळा उतरवलेलं. तुमच्याकडे हा विभागसुद्धा नाही. म्हणजे काय, की कुणाला कधी काय लागेल ते आपल्याला सांगता येत नाही. म्हणूनच तर गठ्ठा असतो."

टेबलाभोवती कुजबुज झाली. रसायनवाले म्हणाले, "मुद्दा आहे बुवा."

सहाशे बारा. सहा नंबरचा कॉम्प्युटर, दुसरं कोण? गप्प बसली, तर गठ्ठा राहिला असता, गठ्ठ्यात जर्नल राहिलं असतं आणि मंगळवारी चारला तो आला असता. कुणाला पत्ताही लागला नसता. आणि बोलली, तर आकडा पडला असता, आकड्याबरोबर जर्नल, जर्नलाबरोबर... जाऊ दे. मोठे सर तिच्याकडे बघत नव्हते. मुद्दामच बघत नव्हते.

"तारखा दाखवता का?" ती म्हणाली.

प्रकाशकाच्या माणसाने कागद उलटला. सगळ्या तारखा मंगळवार आणि शुक्रवारच्या. वेळ चार ते साडेपाच.

"हा एकच वाचक आहे," ती म्हणाली. "वास्तूत येऊन बसतो, त्यामुळे करारात बसतं. पण आकडा पोकळ आहे. हे जर्नल तीन महिन्यांतून एकदा निघतं. अंकात लेख असतात बारा. सहाशे बारा वेळा वाचण्यासारखं त्यात काही नाही. खरं तर कुणालाही ते पहिल्या महिन्यातच वाचून..."

आणि तिथे ती थांबली. भर बैठकीत, वाक्याच्या मधोमध, तिला कळलं. तो पाच महिने येत होता. वाचून कधीच संपलं होतं.

"...वाचून होईल," तिने कसंबसं वाक्य पुरं केलं. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

"असं कोण करेल हो?" प्रकाशकाचा माणूस हसला. "एखादा वेडाच."

"करतात," मोठे सर पहिल्यांदाच बोलले. "पुढे चला."

संध्याकाळपर्यंत गठ्ठा फुटला. दोनशे वीस जर्नलं, सुट्या दराने, पुस्तकांचे पैसे शाबूत. विभागप्रमुखांनी तिचं अभिनंदन केलं. दोनशे एकविसावी ओळ तिने स्वतःच्या हाताने खोडली. ज्या आकड्याला आपण सगळ्यांसमोर पोकळ म्हटलं, त्याच्या जिवावर ती ओळ ठेवायची कशी? खोडली, आणि स्वच्छतागृहात जाऊन दोन मिनिटं रडून आली. तोंड धुतलं आणि कामाला लागली.

मंगळवारी चारला तो आला. ती त्याच्या आधीच खिडकीपाशी उभी होती.

"बटणाला हात लावू नका," ती म्हणाली.

तो खुर्चीत बसता बसता थांबला. तिने सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. आकडा, तारखा, खोडलेली ओळ. "तुमच्या त्या बोटापायी अख्खा करार हातचा जात होता, कळतंय का? तीन आठवडे झोप नाही मला. निदान विचारायचं तरी."

"चुकलं," तो म्हणाला. "मला वाटलं, जर्नल टिकेल."

"जर्नल तर तुमचं वाचून झालं होतं."

तो गमबुटाच्या टोकाने फरशी उकरायला लागला.

"कधी झालं होतं?"

"दुसऱ्या आठवड्यात," तो म्हणाला. "मी जरा भरभर वाचतो."

"मग चार महिने तुम्ही इथे करत काय होतात?"

"बघत बसलो होतो," तो म्हणाला. मग बहुधा एवढ्याने भागणार नाही असं वाटून त्याने मान वर केली. "तुमच्याकडे. मला तुम्ही आवडता. बोलायचं कसं ते कळत नव्हतं, आणि जर्नल गेलं की यायला निमित्त उरणार नव्हतं. म्हणून मग बटण दाबत राहिलो."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवत होतं. शेजारच्या टेबलावरची मुलगी वाचत असल्याचं नाटक करत होती.

"आता पुढच्या महिन्यापासून हे जर्नल इथे दिसणार नाही," कलमबाई शेवटी म्हणाली. "एखादा लेख अडला तर सांगा, दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून देईन. तेवढं करता येतं."

"लेख नकोय."

"माहितीय." ती किंचित हसली. "तो शेळ्यांचा आकडा तुम्ही फुगवलात खरा, पण ते जर्नल यादीत आधीच घातलं होतं. मी. काही कारण नसताना."

त्याला समजायला दोन क्षण लागले. मग तो असा हसला, की शेजारच्या मुलीने पुस्तक खाली ठेवलं.

"रविवारी दवाखाना उघडा असतो का?" तिने विचारलं.

"असतो. म्हणजे... नसतो. ठेवतो उघडा."

"मी येते. वहिनी बरोबर येईल, तिला टाळता येणार नाही. ती विचारेल, कमाई किती, घरी कोण कोण, स्वयंपाक येतो का, राग येतो का, घोरता का. जे असेल ते सांगायचं. आकडे फुगवायचे नाहीत."

"नाही फुगवणार," तो म्हणाला. "आणि तुम्ही काय विचारणार?"

"माझं विचारून झालंय," ती म्हणाली.