धुतलेली नाणी

मावशीच्या मागे राहिलं ते एवढंच: दोन चादरी, एक इस्त्री आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एकतीस परदेशी नाणी. मावशीने तीस वर्षं प्रवासी जहाजांवर कपडे धुतले. प्रवाशांच्या खिशात राहून गेलेली चिल्लर धुणारीची, असा जहाजावरचा रिवाज. डबा भाचीच्या वाट्याला आला.

भाची इस्पितळात शस्त्रक्रियेची अवजारं निर्जंतुक करण्याच्या खोलीची प्रमुख होती. सगळे तिला उकळीबाई म्हणत आणि तिला ते आवडे. दर तीन महिन्यांनी तिच्या हातांचे आणि घशाचे नमुने प्रयोगशाळेत जात आणि जंतू उगवतात का ते पाहायला काचेच्या बशीत ठेवले जात. एकोणीस वर्षांत तिच्या नावाच्या बशीत काहीही उगवलं नव्हतं. एकदा जरी उगवलं तरी खोली कायमची सोडायची. नियम तिनेच लिहिला होता.

डबा उघडताच तिने तोंड फिरवलं. नाण्यांवर काळसर, चिकट थर होता आणि त्याला पारोशा तोंडाचा वास येत होता.

"बँकेत देऊन टाक," नवरा म्हणाला.

"असली चिल्लर घेत नाहीत. विचारलं मी."

"मग नाणेवाल्याकडे ने. पण उकळून-बिकळून नेऊ नकोस बाई. एक दिवस मलाही पातेल्यात घालशील."

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर तिने नाणी उकळली. नियमाप्रमाणे वीस मिनिटं. पाण्यावर जाड राखाडी साय धरली. चमच्याने उचलली तर ती तुटेना, लांबत गेली. ओठाच्या आतल्या बाजूसारखी मऊ होती. मोरीच्या जाळीतून जाईना, तेव्हा ती बोटाने ढकलावी लागली. उकळीबाईने नाक बंद ठेवून तोंडाने श्वास घेत काम उरकलं.

नाणेवाल्याने भिंगातून पहिलंच नाणं पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"धुतलीत?"

"उकळली."

"जुनं नाणं धुवायचं नसतं, ताई. निम्मी किंमत गेली." भिंग मात्र त्याने खाली ठेवलं नाही. "असं नाणं माझ्या हातून शंभरदा गेलंय. यावर राजा बाजूने दिसतो. एक डोळा, एक कान."

"मग?"

"याच्या दुसऱ्या डोळ्याची कड दिसतेय."

त्याने बाकीची पाहिली. नऊ देशांची नाणी. दाढीवाला राजा, जाडी राणी, कुणी सेनापती. सगळ्यांच्या माना केसभर समोर वळल्या होत्या. त्याने बोटं पँटला पुसली, मग रुमालाला, मग पुन्हा पँटला.

"घेऊन जा. फुकट दिलीत तरी नकोत."

दुसऱ्या दिवशी दुपारी राणीचे दोन्ही डोळे दिसत होते. ओठांच्या कोपऱ्यात ओल होती. उकळीबाईने ती स्पिरिटने पुसली. कापूस टाकून येईपर्यंत ती पुन्हा सुटली होती.

"चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा," म्हणत नवऱ्याने डब्यात डोकावलं. त्यानंतर त्याने ताट पुढे सरकवून दिलं.

इस्पितळाचा दूषित कचरा भट्टीत जातो. पुढच्या सकाळी तिने डबा त्यात टाकला आणि भट्टीचं दार लागेपर्यंत समोर उभी राहिली. मग कोपरापर्यंत हात घासले, कातडी सोलवटेपर्यंत. तिमाही नमुने त्याच सकाळी, त्यानंतर घेतले गेले.

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून निरोप आला.

"बसा, उकळीबाई," तपासनीस म्हणाला. एरवी तो तिला चिडवायचा. "हातांची बशी स्वच्छ आहे. नेहमीसारखी."

तिने श्वास सोडला.

दुसऱ्या बशीवर त्याने तळहात ठेवला होता. "ही घशाची."

त्याने हात काढला. बशीच्या मधोमध एकच वाढ होती. करडी, ओलसर, अगदी गोल. कडेला बारीक, सारखे दाते.

"काल नोंद केली तेव्हा बाजूने होता," तो हळू म्हणाला. "वहीत चित्र काढून ठेवलंय मी."

वही त्याने उघडली नाही. तिनेही मागितली नाही. खोलीची किल्ली काढून तिने त्याच्या टेबलावर ठेवली आणि वाकून पाहिलं.

चेहरा सरळ वर बघत होता. दोन डोळे, दोन कान.

बशीचं झाकण चिकटपट्टीने बंद होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला, त्या तोंडाच्या नेमका वर, वाफेचा छोटा ठिपका होता. तो विरला.

मग पुन्हा आला.