ज्यानं ठेवली ही गोळी

"मेलेल्या माणसाला वाटेला लावावं लागतं गं पोरी. हातानं नाही, आवाजानं."

हे माझ्या आत्याचं बोलणं. माराकाइबो सरोवराच्या पलीकडच्या काठावर कुणाकडे मयत झालं की नऊ दिवस प्रार्थना म्हणायला तिलाच बोलावत, आणि ती मला बोटाला धरून न्यायची. तिचा आवाज चुलीतल्या राखेसारखा होता, वरून गार आणि आत निखारा. पुढे मी औषधशास्त्र शिकले, शहरात आले, आत्या गेली. तिच्या दोन ओळी तेवढ्या राहिल्या माझ्यापाशी.

चर्चमागच्या खोलीत आम्ही औषधांची पेढी सुरू केली तेव्हा त्या ओळी उपयोगी पडल्या. काम सरळ होतं. कुणाचं माणूस गेलं, कुणाचा उपचार संपला, की उरलेल्या गोळ्या लोक आणून द्यायचे. मी तारीख बघायची, वेष्टन बघायची, ज्याला परवडत नाही त्याला द्यायची. माझा एकच नियम होता: जो अजून औषध घेतोय, त्याच्या तोंडचं आपण घ्यायचं नाही. त्यावर कुणाशी वाद नाही. खिडकी सांभाळणाऱ्या एदिक्ताने दुसरा नियम घातला. घेणाऱ्याने पहिली गोळी खिडकीशीच घ्यायची आणि ती मागे ठेवून गेलेल्या माणसासाठी माझ्या आत्याच्या ओळी म्हणायच्या:

*ज्यानं ठेवली ही गोळी, त्याला सावली गं गार,*
*मागं वळून पाहू नको, पुढं उघडं आहे दार.*

मला प्रार्थनांचं काही नव्हतं. लोक गोळी चुकवत नव्हते, तेवढं मला पुरे होतं.

नेक्तारियो आला तो उन्हाच्या भरात, अंगात सुतकाचा काळा सदरा. त्याने आणलेल्या गोळ्या होत्या किडनी बदललेल्यांच्या, शरीराने परक्या अवयवाला हाकलून देऊ नये म्हणून जन्मभर घ्यायच्या. अशी गोळी त्या दिवसांत गावात सोन्यासारखी. लेबलावरचं नाव त्याने कात्रीने कापलं होतं. आमच्याकडे सगळेच कापतात.

"बायकोच्या," तो म्हणाला.

एदिक्ताने त्याच्या सदऱ्याकडे पाहिलं, छातीवर क्रूस काढला. "देव तिला शांती देवो."

त्याने तोंड उघडलं. मग मिटलं. मागे बाकावर देयानिरा बसली होती, मांडीवर पोर, चेहरा सुजलेला. तिच्याकडच्या गोळ्या संपत आल्या होत्या, आणि संपल्या की तिच्या भावाने दिलेली किडनीही संपणार होती. नेक्तारियोने तिच्याकडे पाहिलं आणि तो गप्पच राहिला.

देयानिराने पहिली गोळी घेतली. ओळी तिने नुसत्या म्हटल्या नाहीत, गायल्या. पोरीनेही बोबड्या स्वरात साथ दिली. बाकावरच्या सगळ्यांनी शेवटची ओळ धरली. मी पाहिलं, नेक्तारियो भिंतीला टेकला होता.

महिन्याच्या महिन्याला तो येत राहिला. देयानिराची सूज उतरली. ती एदिक्ताशी भांडण्याइतकी बरी झाली.

"मावशी, तुझ्या हातची ही मक्याची आरेपा म्हणजे पायपुसणं भाजलंय जणू!"

"गिळ मेले. मरत होतीस तेव्हा गोड लागत होती."

एकदा डबी उलटून पाहताना मला दिसलं की ती नुकतीच तयार झालेली होती. मेलेल्या बाईच्या कपाटात नवी डबी कुठून येणार?

"तिची बहीण स्पेनहून पाठवते," नेक्तारियो म्हणाला. "अजून पाठवते."

परदेशातल्या माणसाला मरणाची बातमी न कळवणारी घरं मी खूप पाहिली आहेत. मी मान हलवली.

मग तो म्हणाला, "त्या ओळी... म्हणायलाच हव्यात का?"

"घ्या!" एदिक्ता म्हणाली. "गोळी फुकट, आणि दोन ओळी जड झाल्या?"

"मनातल्या मनात म्हणा. निदान हळू."

"काका, मी तर मोठ्यानं म्हणणार," देयानिरा म्हणाली. "त्यांच्यामुळे जगतेय मी."

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. सदऱ्याची बाही माझ्या डोळ्यांसमोर आली. आधी त्याच्या कपड्यांवरचे टाके किती बारीक, किती सारखे असत. आता शिवण अर्ध्यावर थांबली होती. दोरा लोंबत होता, आणि दोऱ्याला सुई तशीच होती. शिवता शिवता कुणाच्या हातातून निसटावी तशी.

विधुर माणूस, स्वतः शिवत असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढच्या खेपेला तो आलाच नाही. देयानिरा रोज खिडकीशी येऊन उभी राहायची आणि काही विचारायची नाही. तिची पोर मात्र विचारायची, "काका कधी येणार?" शेवटी मीच पत्ता काढून निघाले. मी काही घाबरून बसणाऱ्यांतली नाही. औषध नसेल तर नसेल, पण ते माणसाच्या तोंडून ऐकायचं.

त्याची गल्ली सरोवराच्या बाजूला. दुतर्फा कडुलिंब, वीज गेलेली, माणसं दारात खुर्च्या टाकून बसलेली. कोपऱ्यावरच्या बाईने घर दाखवलं.

"बिचारा एकटा पडला हो. त्याची उबाल्दिना गेल्यापासून."

"केव्हा गेल्या?"

"केव्हा बरं..." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "उन्हाळा होता. कसलं ऊन!"

"पाऊस होता," नवरा म्हणाला. "चिखलातून पेटी नेली आपण. मी खांदा दिला ना."

"ऊन होतं."

"पाऊस होता म्हणतो ना!" मग तो जरा थांबला. स्वतःच्या खांद्यावर हात फिरवत म्हणाला, "हलकी होती पण. फार हलकी. आत काही नसल्यासारखी."

दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. मी पुढे निघाले.

दार उघडंच होतं. आत अंधूक, थंडसर. साबणाचा ताजा वास. दोरीवर बायकी झगा वाळत घातलेला, त्यातून पाणी ठिबकत होतं.

मेजावर दोन ताटं होती. एकातलं जेवण संपलेलं. दुसऱ्यातल्या भाताला कुणी बोटही लावलं नव्हतं.

"बसा बाई," नेक्तारियो म्हणाला. तो फार खंगला होता.

खिडकीशी डोलखुर्ची होती. डोलत होती. वारा नव्हता. मी वीज गेलेल्या पंख्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, फरशीच्या उताराकडेही पाहिलं.

हळूहळू खुर्ची थांबली. कुणी उठल्यावर थांबते तशी.

"दुःख मी समजू शकते," मी म्हणाले. "पण देयानिराचं औषध..."

त्याने कपाटातून डब्या काढल्या आणि सगळ्या माझ्या ओंजळीत दिल्या. "न्या. आता सगळंच तिचं. इथे गोळी जिभेवर ठरत नाही. जमिनीवर पडते."

"कुणाच्या जिभेवर?"

त्याने कपाटाचं दार लावलं.

आत, स्वयंपाकघरात, कपबशी वाजली.

"घरात कुणी आहे?"

"माझा भाऊ वारला होता," तो म्हणाला. "तो काळा सदरा त्याच्यासाठी होता. तुमच्या खिडकीतल्या बाईंनी क्रूस काढला, आणि मी सांगणारच होतो. पण तुमचा नियम मला ठाऊक होता. सांगितलं असतं तर तुम्ही गोळ्या परत केल्या असत्या. उबाल्दिनाची बहीण दोघींना पुरतील एवढ्या पाठवते, यावर विश्वास ठेवला नसता तुम्ही. आणि देयानिराच्या मांडीवर ती पोर होती. घरी आलो तर उबाल्दिनाच म्हणाली, गप्प राहा, म्हणू दे काय म्हणायचं ते."

मी सवयीने हातातल्या एका डबीवरची तारीख पाहिली.

"तुमच्या ओळी सुरू झाल्या आणि आधी शेजारी तिच्याशी बोलेनासे झाले. मग आरशानं सोडलं. मग सुईनं."

कॉफीचा वास आला. अगदी जवळून. माझ्या गालाला वाफ लागली.

नेक्तारियो माझ्या खांद्यावरून मागे बघत होता, नवरा बायकोकडे बघतो तसा.

"ती मेलेली नाही, बाई," तो म्हणाला. "कधीच मेली नव्हती. मघापासून तुमच्या शेजारी उभी आहे, आणि विचारतेय, साखर किती घालू."